कडेवरून खाली

“उचलून नेऊ नकोस तिला. दमली तर थांब, बसव, पाणी दे. पण उचलू नकोस. तिच्या पायांनी जाऊ दे. मी शब्द दिलाय.”

नंदूने हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि हाताला सलाईनची सुई होती. त्याची बायको सुगंधा म्हणाली, “हो.” तिला वाटलं, तापात बोलतोय. कावीळ उतरली की आपणच नेईल. मग दोन दिवसांत सगळं आटपलं, आणि ते ‘हो’ तिच्याकडेच राहिलं.

शब्द सातेरीला दिलेला होता. लेक माणिक अंगावर पीत होती तेव्हा एकदा तापात तिचे डोळे फिरले. मरोळच्या चाळीत, देवाच्या फळीपुढे नारळ ठेवून नंदूने कोकणातल्या गावदेवीला हाक मारली होती. हिला वाचव, चालायला लागली की तिच्या पायांनी तुझ्या दारात आणतो, ओटी भरतो. पोरगी वाचली. पुढे चालायला लागली, पळायला लागली, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शेजाऱ्यांच्या बादल्या पाडत फिरू लागली. कारखान्यातून रजा काही मिळाली नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता राहिलं.

खोली नंदूच्या थोरल्या भावाच्या, श्यामसुंदरच्या नावावर होती. तो, त्याची बायको वनमाला, त्यांचे दोन मोठे मुलगे आणि या दोघी. नंदू होता तोवर जागा पुरत होती, कारण तो रात्रपाळी घ्यायचा. तो गेल्यावर खोली आणखी लहान झाल्यासारखी वाटायची. कुणी काही बोललं नाही. वनमाला मात्र एक दिवस नळावर पाणी भरता भरता बोललीच.

“सुगंधा, मी काय बोलते त्याचा राग नको मानू हां. पोरं मोठी झालीत माझी. तुला कपडे बदलायचे तर तिघांना बाहेर उभं राहावं लागतं. मला दिसतं ना ते. तुला नाही त्रास होत?”

“होतो,” सुगंधा म्हणाली.

“मग? मी काय हाकलत नाहीये तुला. उगाच चाळीत तसं नको बोलू कोणाशी.”

“नाही बोलणार.”

“तू कधी बोलतेसच कुठे यार! तेच तर ना. भांडलीस तरी बरं वाटेल.”

संध्याकाळी श्यामसुंदर स्टोव्हला पिन मारत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “गावाला, कुसवड्याला, आपली आते एकटीच आहे. काजूचा कारखाना निघालाय तिथे. बायकांना काम मिळतं. आतेलाही सोबत होईल.” पिन मारून झाली तरी तो मारतच राहिला. सुगंधा म्हणाली, “जाते भाऊजी.”

निघायच्या दिवशी वनमाला मरोळ नाक्यावरून माणिकसाठी प्लास्टिकच्या गुलाबी सँडल घेऊन आली. स्वतः खाली बसून तिने त्यांचे बंद लावले. “गावाला झकास मिरव हां त्यात,” म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. माणिकने सँडलकडे बघितलं. ती आईच्या कडेवर होती. नंदूला नेलं त्या सकाळपासून ती कडेवरच होती. चार वर्षांची पोर, पाय सुगंधाच्या गुडघ्याला लागायचे. कुणी म्हणायचं, उतरव गं तिला. सुगंधा उतरवायची नाही. कडेवर ओझं असलं की आपण उभ्या आहोत एवढं तरी तिला कळायचं.

कुसवड्याच्या स्टँडवर एसटी सकाळी पोचली. पावसाळा सरत आला होता, पण स्टँडवर तांबडा चिखल होता आणि त्यात म्हशी बसलेल्या. ट्रंक आणि वळकटी उतरवून घ्यायला दोन्ही हात लागणार म्हणून सुगंधाने पोरीला खाली ठेवलं. माणिकने एक पाऊल टाकलं. सँडल चिखलात रुतली, पाय तेवढा वर आला. तिने तो तांबडा झालेला पाय बघितला. रडली नाही. आईच्या लुगड्याला धरून वर चढायला लागली, जसं झाडावर चढतात तशी. सुगंधाने ट्रंक तशीच सोडून तिला उचललं. कंडक्टर म्हणाला, “बाई, सामान घ्या ओ, गाडी पुढे जायची आहे.”

आते, रुक्मिणी, बाजाराच्या मागच्या बाजूला राहायची. दोन खोल्या, पुढे पडवी, सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला विहीर. गुडघे सुजलेले असल्यामुळे ती बसल्या बसल्याच सरकत सगळी कामं करायची. तिने दोघींना बघितलं, आधी पोरीला, मग सुगंधाच्या मोकळ्या कपाळाला.

“इलंस? बरां झाला. ह्यां चेडू कडेर कित्याक? पाय मोडलो काय तेचो?”

“नाही आते. चिखल बघून घाबरली.”

“चिखलाक घाबारता? मगे हय कसां व्हायचा?” आते म्हणाली, आणि तांब्याभर पाणी दोघींच्या पायांवर ओतायला पुढे केलं. माणिकने पाय वर ओढून घेतले.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. उकडलेल्या काजूबियांचा ढीग एका टोकाला, आणि दोन्ही बाजूंना बायका जोडीजोडीने बसलेल्या. एकीने पायाने यंत्र दाबायचं, हाताने दांडी ओढायची, बी मधोमध फुटायची. समोरच्या बाईने सुईने गर काढून टोपलीत टाकायचा, टरफल मागे. टरफलातून काळा चीक निघायचा. तो लागला की कातडी जळायची. म्हणून काम सुरू करण्याआधी हातांना खोबरेल चोपडायचं, वरून चुलीतली राख लावायची. सगळ्या बायकांचे हात कोपरापर्यंत राखाडी, जणू सगळ्या एकाच घरातल्या.

सुगंधाची जोडी मालनशी लागली. मालन ठेंगणी, पान खाणारी, दर दोन बियांमागे एक गोष्ट सांगणारी. तिचा नवरा एसटीत होता आणि दर आठवड्याला वेगळ्या कारणाने रुसायचा.

“आज कित्याक रुसलो सांगू? माशाचा डोक्या मी खाल्लंय म्हणान! अरे, डोक्या तुका होया तर आधी सांग मरे. मी काय अंतर्ज्ञानी?”

सुगंधा हसायचा प्रयत्न करायची. मालनला ते चालायचं.

दुपारी भाकरीची सुट्टी झाली की सुगंधा पाण्याच्या टाकीपाशी जायची. देवाचं नाव घेतल्याशिवाय तिने लग्नाआधीपासून घास घेतला नव्हता, आणि तेलकट, काळ्या हातांनी नाव घ्यायचं तिला पटेना. मुंबईहून आणलेल्या लाल साबणाने ती हात घासघासून धुवायची. राख जायची, तेल जायचं. मग भिंतीकडे तोंड करून, हात जोडून, ओठ हलवायची. पूर्वी नाव घेतलं की छातीत काहीतरी सैल व्हायचं. आता नुसते ओठ हलायचे. तरी तिने नेम मोडला नाही.

“बगा, मुंबयची साबणबाय!” पलीकडून कुणी म्हणायचं.

“साबण लावन काळी गोरी जाता काय गो?”

मालनने मात्र सांगितलं होतं. “पाण्यान चीक जाणां नाय हां. आधी तेल चोळ, मगे राख, आणि मगे पाणी. आणि परत बसताना परत तेल लाव. ऐकतंस मां?”

“हो,” सुगंधा म्हणाली. पण हात धुऊन आले की पांढरे दिसायचे, स्वच्छ दिसायचे. नाव घेतलेल्या हातांना पुन्हा राख फासायची तिला जड जायचं. मुकादम घड्याळ बघत उभा असायचा. ती तशीच बसायची. संध्याकाळी बोटं चुरचुरायची, नखांच्या कडा काळ्या पडायच्या, तळव्याची साल पापुद्र्यासारखी निघायची. ती ते बघायची. दुसऱ्या कुणाच्या हातांकडे बघावं तसं.

माणिक दिवसभर आतेच्या पडवीत असायची. ठेवली तिथे बसायची. घरातल्या सारवणावर आता पाय टाकायची, पण उंबऱ्याच्या बाहेर नाही. तिला परसाकडे न्यायचं तरी आतेला उचलावं लागायचं. गुलाबी सँडल खुंटीला टांगलेल्या होत्या.

“माज्या गुडघ्यांनी काय होवचां नाय,” आते एक दिवस म्हणाली. “काल दोघा पण पडतलंव होतंव. चलना नसात तर मुंबयक पाठव तेका वनमालाकडे. तुजो नवस नंदगो बोलान गेलो तसो रवतलो.”

सुगंधाने माणिकला जवळ घेतलं. “नाही पाठवणार.”

“मगे उतरव. एक विचारू? पोर उतरणां नाय, की तू उतरवणंस नाय?”

आतेने सुपातले तांदूळ पुढे ओढले आणि खडे निवडायला लागली.

बाजाराच्या दिवशी कारखान्याला सुट्टी. गुणाजी गुरव सातेरीच्या देवळातली पूजा आटपून बाजारात केळीची पानं विकायला बसायचा. मालनला सोबत घेऊन, माणिकला कडेवर घेऊन सुगंधा त्याच्यापुढे उभी राहिली. नंदूचं नाव सांगितलं, नवस सांगितला.

गुरवाने पानांवर पाणी शिंपडलं. “नंदग्याचां चेडू काय ह्यां? बापाशीसारख्या नाकाचा असा.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “ओटी तुका भरूक येवची नाय, ताई. रीत असा. मी काय करू?”

आजूबाजूला भाजीवाल्या होत्या. एकीने मान वर करून सुगंधाचं कपाळ बघून घेतलं. सुगंधाने पदर थोडा पुढे ओढला.

मालन तडकली. “मी भरतंय! माजो नवरो जितो असा, रुसान बसलो तरी!”

भाजीवाल्या हसल्या. गुरवही हसला. “तुज्या नवऱ्याचा नंतर बघूया. नवस हेंचो आणि ओटी तू भरतलंस? त्यापेक्षा ह्यां चेडू असा मां. कुवारणीक देवीकडे आडकाठी नाय. तां भरीत ओटी.” त्याने माणिकच्या लोंबत्या पायांकडे बघितलं. “पण पायांनी हाडतलंय म्हणान बोललो मां तो? मगे पायांनी येवक होयो. कडेर घेवन इलंस तर मी देवीक गाऱ्हाणां घालूचंय नाय. सातेरी म्हणजे वारूळ. माती. तिच्याकडे जमिनीवरनाच जावचा लागता.”

देऊळ गावाबाहेर, माळाच्या चढावर होतं. मोठ्या माणसाला फार लांब नाही. सुगंधाने तिथूनच त्या दिशेला हात जोडले. माणिक तिच्या मानेत तोंड खुपसून होती.

तो आठवडा सुगंधा यंत्रावर बसली. यंत्र दाबून दाबून मालनचा पाय भरून आला होता, म्हणून अदलाबदल. पायाने दाबायचं, हाताने ओढायचं. दाबायचं, ओढायचं. बी फुटली की चीक उडायचा, मनगटापर्यंत यायचा. काचेच्या बांगड्या आता नव्हत्याच, पण हाताला बांधलेला एक काळा दोरा होता, गंडा, माणिकच्या जन्माच्या वेळी बांधलेला. तो चीक पिऊन जाड झाला. दुपारी तिने साबणाने हात धुतले, नाव घेतलं, तशीच बसली. संध्याकाळी सुटताना पुन्हा धुतले. हात पांढरे होते.

घरी आली तेव्हा माणिक उंबऱ्यात उभी होती. दोन्ही हात वर केलेले. सुगंधाने तिला उचललं, एक हात मांडीखाली, एक मानेमागे. चूल पेटेपर्यंत, भात होईपर्यंत, आतेची पाठ चेपून होईपर्यंत ती तशीच होती. झोपतानाही हात मांडीखालीच राहिला.

सकाळी माणिक कण्हत होती. सुगंधाने फ्रॉक वर केला. मांडीच्या मागच्या बाजूला सुगंधाच्या पाच बोटांचे पाच लाल पट्टे होते, त्यांवर बारीक फोड. मानेवर गंड्याच्या जाडीची एक काळपट रेघ. एका डोळ्याची पापणी सुजून मिटली होती.

आते सरकत आली, बघितलं, आणि सुगंधाचा हात धरून उजेडात उलटा केला. तळव्याला कातडी अशी उरलीच नव्हती.

“गे बाय माजे,” आते हळू म्हणाली. “तुका दुखाक नाय?”

“नाही.”

“ह्या असा असताना?”

“नाही कळलं आते.”

आतेने खोबरेलाची वाटी आणली. पोरीच्या मांडीला, मानेला थेंब थेंब लावलं, फुंकर घालत, जुन्या मऊ लुगड्याची चिंधी ठेवली. डॉक्टर बाजारात होता, त्याच्याकडून मलम आणायला मालनला निरोप धाडला. मग कात्रीने सुगंधाच्या हातातला गंडा कापून चुलीत टाकला. चरचर आवाज झाला, काजूचा वास आला. सुगंधाने सवयीने पोरीकडे हात पुढे केले.

माणिक मागे सरली. एका उघड्या डोळ्याने आईच्या हातांकडे बघत म्हणाली, “आई, हात नको.”

सुगंधाने हात मागे घेतले. कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले, आणि तेव्हा ते दुखले. इतके दुखले की ती भिंतीला टेकून खाली बसली. रडूही आलं, पण थोडंच. नळाला पाणी यायच्या आधी जसा नुसता आवाज येतो तसं.

कारखान्यात निरोप गेला. मुकादम म्हणाला, हात बरे झाले की ये, तोवर दुसरी बघतो. मालन मलम घेऊन आली, सुगंधाच्या हातांना चिंध्या बांधल्या आणि वर शिव्याही दिल्या. “आधी तेल, मगे राख, मगे पाणी. मी बोंबलान सांगतंय ता काय त्या टाकीक सांगतंय? देवाक तेलकट हात चलत नाय तर तो समईत काय पाणी घालूक सांगता?”

सुगंधा तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. मालन दचकलीच. “अगो, हसता येता तुका!”

दुसऱ्या दिवशी सुगंधाने दुपारी हात धुतले नाहीत की साबण लावला नाही. तेलात भिजलेल्या चिंध्यांचे हात जोडले आणि नाव घेतलं.

पोरीला उचलायला आता कुणीच नव्हतं. आतेचे गुडघे, आईचे हात. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यात बसून राहिली. मग तिला लागली. “आई, शू.” सुगंधा अंगणात उभी राहिली, हात पाठीमागे. “ये,” म्हणाली. एवढंच. पदर तेवढा पुढे लोंबत होता. माणिक बराच वेळ त्या पदराकडे बघत होती. मग एक पाय सारवलेल्या अंगणात ठेवला, बोटं वर उचललेली. दुसरा ठेवला. पदराचं टोक मुठीत धरलं आणि आईच्या मागे मागे गेली.

आते पडवीतून बघत होती. सुपातले तांदूळ तिने उगाच पुन्हा पाखडले.

मग विहिरीपर्यंत. मग बाजाराच्या तोंडापर्यंत. तिथे पहिल्यांदा तिने स्वतःच चिखलात पाय घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. “गिळगिळीत आहे,” म्हणाली. एकदा मालनच्या दारापर्यंत गेली, आणि मालनच्या नवऱ्याने, जो त्या दिवशी रुसलेला नव्हता, तिला खोबऱ्याची वडी दिली. परत येताना ती दमली. रस्त्यात बसली आणि हात वर केले. सुगंधाच्या चिंध्या सुटल्या होत्या, नवी गुलाबी कातडी आली होती. उचलता आलं असतं. तिच्या दंडातून कळ गेली. ती पोरीशेजारी रस्त्यातच बसली. जाणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली. दोघी बसून राहिल्या. थोड्या वेळाने माणिकच उठली.

मंगळवारी सकाळी सुगंधाने आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. आतेने आपल्या पेटीतला खण काढून दिला, हिरवा, कापराच्या वासाचा. नारळ, तांदूळ, हळद-कुंकू पिशवीत घातलं. बाटलीत पाणी भरलं. माणिकने खुंटीकडे बोट दाखवलं, पण सँडल खाली काढल्यावर पाय मागे घेतला. “नको. त्या अडकतात.” आतेने त्या पुन्हा खुंटीला लावल्या.

मानेवरची रेघ अजून दिसत होती. पाच पट्टेही होते, फिकट.

सुगंधाने पिशवी दोन्ही हातांत धरली, छातीशी, घट्ट. एकही हात मोकळा ठेवला नाही. अंगणातून बाहेर पडताना आतेने मागून हाक दिली.

“सुगंधा! चढ असा हां तो. चेडू दमलां तर?”

“थांबू,” सुगंधा म्हणाली.

माळाकडची वाट ओली होती. पुढे कुणी नव्हतं. ती क्षणभर उभी राहिली. मग पदराला खालून ओढ लागली, आणि ती चालू लागली.